कुलूप मेलेला नाही

३ मार्च

चि. भाचीस, मामाचे आशीर्वाद आणि तक्रारी, दोन्ही.

तू तुझ्या आवाजात वाचून पाठवलेल्या ‘शनीपलीकडची पलटण’चे तिन्ही भाग ऐकून झाले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सहा महिने वाचायला बंदी घातली म्हणून हे नशिबी आलं, नाहीतर अंतराळातल्या लढाया ऐकायचं माझं वय नाही. टाइपरायटरला मात्र डोळे लागत नाहीत. तीस वर्षं लष्कराच्या स्टोअरमध्ये घालवल्यावर बोटांना अक्षरं पाठ आहेत. तेव्हा लिहीन मी, आणि तुझं उत्तर शेजारच्या नर्सबाई वाचून दाखवतील. त्या निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे.

तू मत विचारलंस म्हणून सांगतो. विचारलं नसतंस तरी सांगितलं असतं.

पहिली गोष्ट, जहाजावर चारशे माणसं आहेत आणि तीन भागांत मिळून कोणी जेवत नाही. दुसरी, गोळ्या संपतच नाहीत. मी स्वतः गोळ्यांच्या पेट्या मोजून दिलेल्या आहेत, त्या संपतात बाई, आणि संपतात तेव्हा फार बोंबाबोंब होते. तिसरी, तो तुमचा कप्तान. प्रत्येक दारातून हा सगळ्यांच्या आधी आत शिरतो. अरे, चारशे माणसं काय शोभेला आणली आहेत? आमच्याकडे असा अधिकारी असता तर त्याला दुसऱ्याच दिवशी ऑफिसात बसवला असता. मरणारा माणूस मरताना भाषण करतो, तेही पूर्ण वाक्यांत. आणि ते संगीत! लढाई सुरू झाली की ढोल असे वाजतात की तू काय म्हणतेस ते ऐकूच येत नाही. तुमच्या आवाजवाल्याला माझ्यातर्फे विचार की गोष्ट तो सांगतोय की तू.

रडू नकोस, गुणही आहेत. दुसऱ्या भागात चाळीस जण हवाबंद खोलीत नऊ तास हुकमाची वाट बघत बसतात. एकजण बुटाचा पट्टा शिवतो आणि दुसरा त्याला सारखं विचारतो, झाला का, झाला का. लष्कर म्हणजे तेवढंच असतं. ज्याने ते लिहिलं त्याला काहीतरी कळतं, मग बाकीच्या ठिकाणी त्याचं डोकं कुठे चरायला जातं?

आणि दुसरा गुण म्हणजे कुलूप. जहाजाचा स्टोअरकीपर. सहीशिवाय सुई देत नाही म्हणून पोरं त्याला कुलूप म्हणतात. काय आवाज काढला आहेस त्याचा! कोरडा, जरा घशात अडकलेला, सगळ्या जगाने आपलं सामान हरवलंय असा वैतागलेला. असली माणसं मी पाहिली आहेत. कुठे सापडला तुला हा आवाज?

पण त्याचं काय केलंत तुम्ही? एकोणिसाव्या प्रकरणात जहाजाचा मागचा भाग फुटतो आणि लेखक लिहितो, ‘मृतांच्या यादीत कुलूपचंही नाव होतं.’ संपलं! कप्तानाचं बोट भाजलं त्याला चार पानं, आणि तीन भाग सगळ्यांना पांघरुणं देणाऱ्या माणसाला अर्धी ओळ. मी यंत्र बंद केलं आणि दोन दिवस लावलं नाही. मला फार राग आला आहे आणि तो तुझ्यापर्यंत पोचावा म्हणूनच हे पत्र.

मामा


१४ मार्च

मामा, नमस्कार करते, पण कपाळाला हात लावूनच.

तुम्ही ज्याला ढोल म्हणता ते वाजवणारा आमचा बटणवाला तुमचं पत्र ऐकून दिवसभर माझ्याशी बोलला नाही. लेखकमहाशयांना मी काही सांगितलं नाही, कारण मला ही नोकरी हवी आहे.

तुम्हाला वाटतं मी खुर्चीत रेलून गोष्ट वाचते. मामा, ही खोली कपाटाएवढी आहे. भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. पंखा लावायचा नाही, त्याचा आवाज येतो. बांगडी घालायची नाही. परवा कप्तानाच्या प्रतिज्ञेच्या ऐन मधोमध माझं पोट गुरगुरलं आणि सगळी प्रतिज्ञा पुन्हा घ्यावी लागली. बत्तीस पात्रं आहेत, बत्तीसांना बत्तीस आवाज. विसरू नये म्हणून मी एक वही ठेवली आहे. प्रत्येकाला एक पान: कप्तान छातीतून, सावकाश. डॉक्टरीण नाकात, घाईत. कोणी नवीन आलं की आधी पान भरायचं, मग तोंड उघडायचं. हे माझं काम आहे आणि मी ते नीट करते.

याआधी चार वर्षं मी काय करत होते ते आठवतंय ना? औषधांच्या जाहिरातींत शेवटच्या सूचना भरभर वाचणारी बाई होते मी. एका दमात अकरा दुष्परिणाम. तेव्हा माझ्या आवाजाला कोणी नाव विचारलं नाही. ही मालिका मिळाली ती आधीच्या वाचकाने एका ग्रहाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने उच्चारलं आणि लेखकमहाशयांनी त्याला काढून टाकलं म्हणून. नऊ भाग होणार आहेत. नऊही मला वाचायचे आहेत.

जेवण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. मलाही वाचताना भूक लागते.

कुलूपचा आवाज असाच सापडला. त्याचं एवढं काही नाही. चौथा आणि पाचवा भाग सोबत पाठवते आहे. कृपा करून संगीताबद्दल लिहू नका, ढोल कमी केले आहेत.

नर्सबाईंना नमस्कार. तुम्ही खाली फिरायला जाता का? मामी गेल्यापासून तुम्ही त्या खोलीत बसून आहात आणि त्यात आता डोळ्यांचं निमित्त मिळालंय, हे मला दिसतं आहे, बंदी माझ्या डोळ्यांवर नाही.

तुमची भाची


२ एप्रिल

भाची, तू फार लबाड आहेस!

चौथा भाग रद्दी. अख्खा भाग कप्तान आणि सेनापती एकमेकांना खांद्यावर हात ठेवून सांगतात की युद्ध वाईट असतं. ते आम्हाला माहीत आहे. पाचवाही तसाच चालला होता, मी पेंगत होतो. आणि मग सातवं प्रकरण. जहाज दुरुस्तीच्या तळावर लागतं, कप्तान फाटकातून आत येतो (सगळ्यांच्या आधी, अर्थात) आणि फाटकावरचा माणूस म्हणतो, “दार ओढून घ्या. थंडी आत येते.”

मी ताडकन उठलो. चहा सांडला. तो कुलूप आहे!

मी ते नऊ वेळा ऐकलं. नर्सबाईंना बोलावून ऐकवलं. तोच कोरडेपणा, ‘थंडी’वर तोच वैताग. मग मी तिसरा भाग पुन्हा लावला आणि नीट ऐकलं. प्रेत कोणी पाहिलेलं नाही! फक्त यादी. कोणी केली यादी? लिहिलेलं नाही. मागचा भाग फुटला तेव्हा दुरुस्तीची छोटी नाव सुटली होती, तिचं पुढे काय झालं कोणी विचारलं नाही. कुलूप त्या नावेतून निसटला, तळावर पोचला, आणि यादीत मेलेला असल्यामुळे त्याला कोणी परत घेत नाही. म्हणून बिचारा फाटकावर बसला आहे. लेखकाला मी उगाच शिव्या घातल्या. दोन भाग आधी दोरा सोडून ठेवला आहे त्याने, आणि तो फक्त आवाजात, जे कागद वाचतात त्यांना कळणारच नाही! पुस्तक ऐकायचं असतं ते यासाठी हे मला आज पटलं.

याचा विचार करायला खोली अपुरी पडली म्हणून तीन जिने उतरून खाली बाकावर जाऊन बसलो. रोज जातो आता. विचार बराच आहे.

मला फक्त हो किंवा नाही कळव. कोणाला सांगणार नाही.

मामा


११ एप्रिल

मामा,

तुम्ही खाली बाकावर जाता हे वाचून जीव भांड्यात पडला. रोज जा. विचार करायला दुसरा विषय घेतलात तरी चालेल.

कारण आता मी जे लिहिते आहे ते तुम्हाला आवडणार नाही. कुलूप मेला आहे, मामा. फाटकावरचा माणूस हा फाटकावरचा माणूस आहे. त्याला पुस्तकभर दोन वाक्यं आहेत, म्हणून मी वहीत त्याचं पान भरलं नव्हतं. वाक्य समोर आलं आणि तोंडातून तो आवाज निघून गेला. माझ्या लक्षात आलं नाही, बटणवाल्याच्या नाही, संपादकबाईंच्याही नाही. अख्ख्या जगात एकट्या तुमच्या कानांना कळलं. ही माझी चूक आहे, दोरा वगैरे काही नाही. हात जोडून सांगते, हे कोणापाशी बोलू नका. ग्रहाच्या नावावरून ज्यांनी माणूस काढला ते मेलेल्या माणसाला बोलायला लावल्यावर काय करतील, विचार करा.

सहाव्या भागाचं वाचन पुढच्या महिन्यात सुरू होतंय. घसा सांभाळते आहे. गरम पाणी पिऊन पिऊन कंटाळा आला.

तुमची भाची


२४ एप्रिल

चि. भाचीस,

तुझं पत्र नर्सबाईंनी वाचलं. कुलूपबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस! नुसतं बाक, दुसरा विषय आणि गरम पाणी. मी तीस वर्षं हिशेबनीसांच्या तोंडाकडे बघून स्टोअर चालवलं आहे, गप्प बसणाऱ्याचं उत्तर मला कळतं. ठीक आहे. तुझं गुपित तुझ्यापाशी.

पण चांगल्या कामाला चांगलं म्हणायला हवं. तेव्हा मी तुमच्या प्रकाशनाला पत्र पाठवलं आहे, लेखक आणि संपादक दोघांच्या नावे. त्यात कबूल केलं की तिसऱ्या भागानंतर मी मनातल्या मनात लेखकाला बरंच बोललो होतो, ते मागे घेतो. कुलूप जिवंत असल्याची खूण पाचव्या भागाच्या सातव्या प्रकरणात केवळ आवाजातून ज्या खुबीने दिली आहे तिला तोड नाही, आणि त्याचं निम्मं श्रेय वाचणाऱ्या बाईंना जातं. तू माझी भाची आहेस हे लिहिलं नाही, वशिला वाटायला नको. तुझा पगार वाढला तर माझी आठवण ठेव.

मामा

ता. क. (हाताने) — ताई, मी नर्सबाई. मामांचं पत्र पाकिटात घालताना वाचलं म्हणून लिहिते. तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला नाही. ते कुलूप प्रकरण झाल्यापासून दोन्ही वेळा जेवतात, दाढी करतात, जिने उतरतात. मेला म्हणून सांगायला जीभ रेटली नाही. प्रकाशनाचं पत्र त्यांनी परस्पर पोस्टमनच्या हातात दिलं, मला आता कळतंय. दोष माझा. आणखी एक. भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा मला पुष्कळदा कळत नाही की यंत्र बोलतंय की मामा.


६ मे

नर्सबाई, हे पत्र पूर्ण वाचायचं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तुम्ही पेशंटला औषध चमच्याने मोजून दिलंत, मला अख्खी बाटली पाजलीत.

मामा, आता ऐका. मागच्या पत्रात मी स्पष्ट लिहिलं होतं की कुलूप मेला आहे आणि तो आवाज माझी चूक आहे. नर्सबाईंनी ते गाळलं. तुम्ही मात्र काही गाळलं नाहीत. प्रकरणाच्या क्रमांकासकट सगळं लिहून पाठवलंत.

संपादकबाईंनी तुमचं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं, श्रोत्याचं कौतुक म्हणून. लेखकमहाशय हसत ऐकत होते. मग हसायचे थांबले. म्हणाले, “कोण जिवंत आहे?” सातवं प्रकरण लावलं गेलं. दोन वाक्यं, मामा. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. बटणवाल्याने मान खाली घातली. मी चूक कबूल केली. लेखकमहाशय म्हणाले, ज्या बाईला माझी मेलेली माणसं आणि जिवंत माणसं वेगळी ठेवता येत नाहीत तिच्या हाती पुढचे भाग कसे द्यायचे? सहाव्याचं वाचन थांबलं आहे. दुसऱ्या दोन जणांचे आवाज मागवले आहेत. महिनाअखेर ठरेल. वही घेऊन मी घरी बसले आहे आणि जाहिरातवाल्यांचा फोन येऊन गेला, खोकल्याचं नवीन औषध आहे म्हणे, नऊच दुष्परिणाम.

मला एक कळत नाही. एवढं काय होतं त्या कुलूपमध्ये? एका लांबलचक गोष्टीतला एक स्टोअरवाला, यादीतलं एक नाव. तुम्ही स्वतः कधी लढाई पाहिली नाहीत, आयुष्यभर पांघरुणंच तर मोजलीत! मग एका खोट्या माणसासाठी माझ्या खऱ्या पोटावर पाय का?

सध्या पत्र लिहू नका. कोणालाच.

भाची


१९ मे

ताई,

पूर्ण वाचलं. त्यांनी सांगितलं म्हणून पांघरुणांचं वाक्य दोनदा वाचलं. आठ दिवस यंत्र लावलेलं नाही. बाकावर जात नाहीत. मी रागावले. हॉस्पिटलात माझा शब्द कोणी मोडला नाही, पण हे माझंही ऐकत नाहीत. कालपासून टाइपरायटर वाजतो आहे. थांबतो, पुन्हा वाजतो. काय लिहितात ते दाखवत नाहीत. एवढंच कळवते.

नर्सबाई


२७ मे

चि. भाचीस,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो आहे. हे शेवटचं समज. मी तुला तोंडघशी पाडलं, माझ्या हौसेपायी. माफ कर. प्रकाशनालाही वेगळं पत्र घातलं आहे की वाचणारी माझी भाची आहे आणि म्हाताऱ्याने उगाच बडबड केली.

पांघरुणंच मोजली हे खरं आहे. त्याचंच सांगायचं आहे. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी होती: माणूस गेला की त्याची थाळी, पेला, दोन पांघरुणं गाठोडं बांधून स्टोअरला परत यायची. गाठोड्याला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. मी यादीतल्या त्या नंबरावर रेघ मारायची आणि चिठ्ठी ऑफिसात पाठवायची. पुढे ऑफिस घरी तार करायचं. म्हणजे माणूस मेला हे माणसावरून कोणी ठरवत नव्हतं. परत आलेल्या सामानावरून ठरत होतं, आणि सामान माझ्याकडे यायचं.

एकदा पूल वाहून गेला. सहा माणसं गेली. सात गाठोडी आली. मला सात जणांची बातमी नव्हती, सहा जणांची होती, हे मला आजही स्वच्छ आठवतं. विचारायला ऑफिस दोनशे पावलांवर होतं. पण बाहेर रांग होती, थंडी होती, आणि गाठोडं समोर होतं. मी रेघ मारली. सातवा माणूस दुसऱ्या छावणीच्या दवाखान्यात पाय मोडून पडला होता. कोणीतरी त्याचं सामान हरवू नये म्हणून माझ्याकडे ठेवायला पाठवलं होतं.

दीड महिन्याने तो कुबडीवर आला आणि माझ्या खिडकीसमोर उभा राहिला. थाळी मागितली. मी यादी बघितली. आणि भाची, मी काय म्हणालो ठाऊक आहे? “तुझं नाव यादीत नाही. थाळी मिळणार नाही.” जिवंत माणूस समोर उभा होता, त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि मी त्याला नियम सांगितला. तो हसला. मला वाटलं, बरा आहे, हसण्यावारी नेतोय. मग त्याने सांगितलं की तार घरी पोचली होती. बापाने वाचली आणि अंथरूण धरलं. त्याच्या जिवंत असण्याची दुसरी तार पोचली तेव्हा वाचायला बाप राहिला नव्हता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता उभा राहिला. नवीन हुकूम यायला चार दिवस लागले, ते चार दिवस तो दुसऱ्याच्या थाळीत जेवला. पुढे त्याची बदली झाली. मी त्याला कधी काही म्हणालो नाही.

‘मृतांच्या यादीत कुलूपचंही नाव होतं.’ असली अर्धी ओळ मी लिहिलेली आहे, म्हणून मला एवढा राग आला. आणि तो फाटकावर बोलला तेव्हा मला वाटलं, निदान एका यादीतला तरी माणूस परत आला. बाकी काही नाही.

तुझ्या लेखकाला हे सांगायचं असेल तर सांग. याद्या कशा होतात हे त्याला माहीत नाही, एवढं नक्की. नसेल सांगायचं तर फाडून टाक.

मामा


१५ जून

मामा,

त्या वाक्याबद्दल आधी. पांघरुणांच्या. ते मी परत घेऊ शकत नाही, तुम्ही दोनदा ऐकलंत म्हणे. मला माझीच लाज वाटते. एवढंच म्हणते आणि पुढे जाते, नाहीतर हे पत्रही पुरं होणार नाही.

मी तुमचं पत्र फाडलं नाही. ते घेऊन लेखकमहाशयांच्या घरी गेले, फोन न करता. त्यांनी दारातच सांगितलं की निर्णय झालेला आहे. मी म्हटलं, निर्णय राहू द्या, मला एक पत्र वाचायचं आहे, वाचणं हेच तर मला येतं. उभ्याने वाचलं. वहीतला कुठलाच आवाज लावला नाही.

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. बिल्ला गाठोड्याला तारेने बांधत की दोरीने? रेघ शाईची की पेन्सिलीची? आणि, तो हसला तेव्हा त्याच्या मागे रांगेत कोण होतं? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तुम्हीच कळवा, ते रोज फोन करून डोकं खातात.

सहावा भाग त्यांनी मधून फाडला आणि पुन्हा लिहिला. कुलूप जिवंत आहे, मामा. गाठोड्यावरून झालेली यादी, सगळं तसंच. आणि काल बैठकीत हे गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, “पाचव्या भागातली आवाजाची खूण मी मुद्दाम ठेवली होती.” मुद्दाम! माझ्या तोंडावर! बटणवाल्याला ठसका लागला. मी ओठ चावून गप्प बसले, कारण सहावा मीच वाचते आहे आणि पुढचे तीनही.

आता एक राहिलं. तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. वहीतलं कुलूपचं पान उतरवून देते. त्यावर एवढंच आहे: ‘कुलूप — मामा. दार उघडं टाकून आत येणाऱ्यांवर ओरडतात तसे.’ लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा रोज दहा वेळा ऐकलं होतं मी ते, दार ओढून घ्या, थंडी आत येते. मग पुस्तकात शब्दाला शब्द तेच वाक्य समोर आल्यावर माझ्या तोंडून दुसरा कोणाचा आवाज निघणार? ती चूक माझी खरी, पण निम्मी तुमची.

नर्सबाईंनी हे कधीच ओळखलं होतं. फक्त तुम्हाला कळलं नाही.

तुमची भाची


८ सप्टेंबर

चि. भाचीस,

बिल्ला तारेने. रेघ शाईची, म्हणूनच खोडता येत नसे. रांगेत कोण होतं ते मला आठवत नाही, मी यादीकडे बघत होतो. हे त्याला कळव आणि म्हणावं आता फोन पुरे. मला थेट करायला लागला आहे.

सहावा भाग ऐकला. ढोल पुन्हा वाढले आहेत. कप्तान अजूनही सगळ्यांच्या आधी दारातून शिरतो, त्याला बहुतेक मरेपर्यंत हेच करायचं आहे. लोक जेवले एकदा, पण काय जेवले ते लिहिलेलं नाही. सेनापतीचं भाषण अठरा मिनिटं चालतं, मी मोजलं. आणि माझा आवाज असा आहे? इतका खवट? नर्सबाई म्हणतात याहून खवट आहे, तू सौम्य केला आहेस. आधी सांगितलं असतंस तर इतके महिने मी स्वतःचीच तारीफ करत बसलो नसतो. खाली बाकावरच्या लोकांनाही सांगून ठेवलं होतं, काय आवाज आहे म्हणून.

आता बाविसावं प्रकरण. कुलूप परत खिडकीमागे बसला आहे आणि त्याचा मदतनीस कोणालातरी सांगतो की तुझं नाव यादीत नाही. मला पुढचं माहीत होतं. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला होता. तेवढ्यात कुलूप म्हणतो, “थाळी दे त्याला. नावाचं नंतर बघू.”

एवढंच. ढोल नाहीत, काही नाही. सहा शब्द.

चाळीस वर्षांपूर्वी त्या खिडकीत मी हे म्हणायला हवं होतं. मला तेव्हा सुचलं नाही, आणि आज ते माझ्या आवाजात ऐकलं. पुन्हा लावलं. मग नर्सबाई आल्या आणि मला बघून बाहेर गेल्या, दार ओढून घेऊन.

त्या सातव्या माणसाचा पत्ता मी जुन्या ऑफिसला लिहून मागवला होता. आला. तो आहे अजून. पत्र टाइप केलं आहे, तीनदा फाडून चौथ्यांदा. पण नुसतं पत्र पुरणार नाही असं वाटतं. तू सहाव्या भागाची आणखी एक प्रत पाठव, बाविसाव्या प्रकरणाचा क्रमांक मी वर लिहीन. तुमच्या ऑफिसातून जादा प्रत द्यायला सही मागतील, तर माझी सही सोबत कोऱ्या कागदावर केली आहे. त्याच्याकडून मात्र पोच मागायची नाही. मिळालं तर मिळालं म्हणेल.

मामा